टिपकणारा नळ: दुरुस्त करायचा की बदलायचा?

शंकासुर

स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ बंद केला तरी टिपकतो. पितळी, वरून क्रोम, भिंतीतून निघालेला, फिरत्या मानेचा, पाव फेऱ्यात उघडणारा. आठेक वर्षं जुना. घर इंदूरचं. पाणी गच्चीवरच्या टाकीचं, आणि टाकीत महापालिकेचं नर्मदेचं व बोरिंगचं, दोन्ही पडतं. प्लंबर म्हणतो, "साब, नया ही डाल लो, इसमें कुछ नहीं रखा." दुकानदार म्हणतो, नुसता स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा उघडझाप करणारा भाग, बदला. दोघांनाही आपापला माल खपवायचा आहे, त्यामुळे कोणाचं ऐकावं कळत नाही.

बाथरूममध्ये एक जुना चक्रीचा नळ आहे, गोल गोल फिरवायचा. अंगणात एक थेट नर्मदेच्या लाइनवर आहे. तेही दोघं त्याच वाटेला लागलेत. तिघांना एकच न्याय लावायचा का? दुरुस्ती की बदली, हे ठरवायचं कशावरून?

आळशी_उंट

खाली बादली ठेवा, भरली की तुळशीला घाला. धागा बंद करायला हरकत नाही.

पाना_पक्कड

उंटराव, सिंकमध्ये बादली ठेवली तर भांडी कुठे घासायची?

शंकासुर, पैशांचा हिशेब नंतर. आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. तोंडातून टिपकत असेल तर आतला बंद करणारा भाग गेलाय: पाव फेऱ्याच्या नळात सिरॅमिक स्पिंडल, चक्रीच्या नळात वायसर किंवा वायसरची बैठक. मुठीच्या खालून पाझरत असेल, आणि तेही नळ चालू असतानाच, तर ओ-रिंग (रबरी कडं) किंवा ग्लँडमधली, म्हणजे दांड्याभोवतीच्या ढिबरीतली, दोरी. फिरत्या मानेच्या बुडाशी ओल असेल तर मानेतली ओ-रिंग, फ्लँजच्या, म्हणजे भिंतीला टेकलेल्या गोल चकतीच्या, मागून भिंत भिजत असेल तर आट्यांवरची टेफ्लॉनची पट्टी. हे सगळं दुरुस्तीचं. पण नळाच्या अंगावर पुसल्यापुसल्या केसाएवढी रेघ पुन्हा भिजत असेल तर तो तडा. तिथे एमसील वगैरे थापू नका, नळ सरळ भंगारात.

फसगत अशी होते की वरचं पाणी अंगावरून ओघळून तोंडाशी जमतं आणि सगळ्या गळत्या तोंडाच्या वाटतात. नळ कोरड्या फडक्यानं पुसा, मुठीखाली, मानेच्या बुडाशी आणि फ्लँजभोवती टिश्यू गुंडाळा. दहा मिनिटं नळ बंद ठेवून बघा, मग दोन मिनिटं चालू करून बघा. जो टिश्यू भिजेल ती जागा.

मोजमाप

पक्कडरावांशी सहमत, फक्त एक पुरवणी. नळ बंद केल्यावर किती वेळ टिपकतो? लांब मानेत आणि तोंडाच्या जाळीत पाणी अडकतं, ते दोन-तीन मिनिटं उतरत राहतं. ती गळती नव्हे. पाच मिनिटांनंतरही चालूच असेल तर कामाला लागा.

किती पाणी जातं त्याचा अंदाज थेंब मोजून काढू नका. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब. औषधाच्या ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे १ मिली, या हिशेबानं ४.३ लिटर. पण नळाच्या रुंद तोंडाचा थेंब ड्रॉपरच्या थेंबाच्या दुप्पट सहज भरतो, मग तोच आकडा ८-९ लिटरवर जातो. त्यापेक्षा मापाचा कप तासभर खाली ठेवा आणि आलेल्या आकड्याला २४ नं गुणा.

टिल्लूपंप

मी प्लंबरच्या बाजूचा. मजुरी दोन्हीकडे तेवढीच. बरा स्पिंडल दीड-दोनशेचा, बरा पितळी नळ सात-आठशेचा. आठ वर्षांच्या नळात आज स्पिंडल टाकाल, सहा महिन्यांनी मानेची ओ-रिंग जाईल, मग क्रोम सुटेल. दर वेळी मजुरी मोजणार का? एकदाच काय तो नवा टाका आणि मोकळे व्हा.

जुना_वाडा

टिल्लूभाऊ, मजुरी तेवढीच असेल, पण जोखीम तेवढीच नाही. स्पिंडल बदलताना भिंतीतल्या जोडाला हात लागत नाही. नळ बदलायचा म्हणजे तो जोड सोडवावाच लागतो, आणि खरा खर्च तिथेच दबा धरून बसलेला असतो.

रामबाग, नारायणबागेसारख्या जुन्या वस्त्यांमधल्या घरांत भिंतीतला पाइप बरेचदा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असतो. आतला एल्बो (नळ ज्यात बसतो तो वाकडा जोड) गंजलेला, नळ सूत-सफेद्यानं, म्हणजे आट्यांवर गुंडाळलेल्या सुतानं आणि लेपानं, घट्ट बसलेला. पान्यानं जोर लावला की नळाचे आटे आतच तुटून राहतात, नाहीतर नळासोबत एल्बोच फिरतो. मग टाइल फोडा, प्लास्टर करा, आणि त्या डिझाइनची टाइल आता मिळत नाही म्हणून दुसऱ्याच रंगाचं ठिगळ लावा. घर नवं आणि पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, असेल तर वेगळी भीती. एल्बोत पितळी आटे असतील तर ठीक, पण कोणी काटकसर करून नुसत्या प्लास्टिक आट्यांचा एल्बो घातला असेल तर नवा नळ जास्त आवळला की तो चिरतो. चीर भिंतीच्या आत. महिनाभरानं पलीकडच्या खोलीच्या भिंतीला पोपडे येतात, आणि सगळे गच्चीवर गळती शोधत बसतात.

नळाचं अंग धड असेल तोवर भिंतीतला जोड हलवायचा नाही, एवढा एक नियम मी पाळेन.

रतलामी_शेव

+१. वाचनखूण साठवली. 'महिनाभरानं पोपडे' वाचून आमच्या बैठकीच्या भिंतीकडे संशयानं बघतोय.

टिल्लूपंप

वाडासाहेब, जीआयच्या बाबतीत मान्य. पण सगळं इंदूर काही रामबागेत राहत नाही. सीपीव्हीसी आणि पितळी एल्बो असेल तर नळ काढणं पाच मिनिटांचं काम.

जुना_वाडा

पितळी एल्बो आहे हे नळ काढल्यावरच कळतं, हीच तर गंमत आहे.

शंकासुर

टिश्यू सगळे कोरडे. पाणी तोंडातूनच येतंय. कप लावला, तासात १५० मिली भरलं.

मोजमाप

म्हणजे दिवसाला ३.६ लिटर, महिन्याला १०८. पाचशे लिटरच्या टाकीचा पाचवा हिस्सा. फार नाही, पण गळती आपणहून कमी कधीच होत नसते.

पाना_पक्कड

मग स्पिंडलच. काम असं करा.

गच्चीवरच्या टाकीचा त्या लाइनचा वॉल बंद करा आणि नळ उघडून पाणी निथळू द्या. वॉल पूर्ण बसत नसेल, जुने गेटवॉल बहुधा बसत नाहीतच, तर टाकीच्या आत निघणीच्या भोकात फडक्याचा बोळा घाला. बोळ्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, नाहीतर तो ओढीनं पाइपात जाईल. सिंकच्या भोकावर फडकं टाका, स्क्रू नेमका तिथेच उडी मारतो.

मुठीवरची लाल-निळी टोपी सुरीच्या टोकानं उचला, आतला स्क्रू काढा, मूठ सरळ वर ओढा. क्षार साचून मूठ अडकली असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, क्रोम फुटतं. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळा आणि डावी-उजवी हलवत काढा. त्याखालची घंटेसारखी टोपी हातानंच फिरते. मग दिसतो स्पिंडलचा षटकोन. त्यावर स्क्रूपाना नीट बसवा आणि दुसऱ्या हातानं, किंवा दुसऱ्या पान्याखाली फडकं घालून, नळाचं अंग पक्कं धरा. इथेच घाई होते. स्पिंडल घट्ट असतो, जोर लावला की अख्खा नळ भिंतीत अर्धा फेरा उलटा फिरतो आणि टेफ्लॉनचा जोड सुटतो. हातानं परत सरळ केला तरी तो जोड आता गळणार.

जुना स्पिंडल पुढे-मागे, वरून-खालून बघा. बुडाशी रबराची किंवा सिलिकॉनची चकती असते, आत एकमेकींवर घासणाऱ्या दोन सिरॅमिक चकत्या. रबर चपटं होऊन चकत्यांच्या पातळीला आलं असेल तर पाणी बाजूनं निसटतं. काही दुकानांत ते रबर सुटं मिळतं, मग स्पिंडलही घ्यायला नको. चकत्यांवर नखाला लागेल अशी चर असेल तर स्पिंडलच नवा. सिरॅमिक घासून गुळगुळीत करायच्या फंदात पडू नका.

नवा बसवण्याआधी नळाच्या पोटात टॉर्च मारा. स्पिंडलचं रबर जिथे टेकतं ती जागा सपाट आणि चकचकीत हवी, तिथे खड्डे दिसले तर नवा स्पिंडलही टिपकणार. मग भांडं आडवं धरून वॉल दोन सेकंद उघडा, पोटातली वाळू बाहेर येऊ द्या. ही पायरी सगळे गाळतात, आणि नव्या चकत्यांवर पहिल्याच दिवशी चरा पडतो. नवा स्पिंडल आधी बोटांनीच बसवा. तीन-चार फेरे बोटांनी गेला नाही तर आटे तिरके लागलेत, काढून पुन्हा लावा. शेवटी पान्यानं फक्त टेकेपर्यंत. गळती आवळून थांबवायची सवय चक्रीच्या नळाची आहे, सिरॅमिकला ती चालत नाही.

गृहकृत्यदक्ष

स्पिंडल विकत आणायच्या आधी एक स्वस्त उपाय. बोरिंगच्या पाण्याचा क्षार चकत्यांच्या कडेला आणि रबराखाली बसतो, त्यामुळे रबर पूर्ण टेकत नाही. काढलेला स्पिंडल वाटीभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये, किंवा कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत विरघळवून, अर्धा-पाऊण तास ठेवा. बुडबुडे येतील, थांबले की जुन्या टूथब्रशनं घासून धुवा. तोंडाची जाळीही त्यातच टाका, धार बारीक झाली असेल तर तीही सुधारेल.

दोन गोष्टी टाळा. संडास धुवायचं ॲसिड नळाला लावू नका, क्रोम जातं आणि खालचं पितळ काळवंडतं. आणि लिंबूसताचं पाणी लावून रात्रभर विसरू नका, परिणाम हळूहळू तोच होतो.

पाना_पक्कड

ताई, बरोबर. बसवताना ओ-रिंगला ग्रीस लावायचं तर सिलिकॉनचं. गाडीचं ग्रीस, व्हॅसलीन, खोबरेल काही नको. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि चार महिन्यांत मूठ फिरवायला दोन्ही हात लागतात.

आळशी_उंट

बादली अजूनही शर्यतीत आहे.

शंकासुर

लिंबूसताचा प्रयोग करतो. बाथरूमच्या चक्रीच्या नळाचं काय? तो आता दोन्ही हातांनी आवळल्यावर थांबतो.

जुना_वाडा

वायसर गेलाय, आणि आवळून आवळून बैठकही जात आलीय. चक्रीच्या नळात पितळेच्या गोल काठावर रबराचा वायसर दाबला जातो. वायसर कडक झाला की एका बाजूनं केसाएवढी फट राहते. त्या फटीतून पाणी जोरात जातं आणि काठाला बारीक चर पाडतं. म्हणून टिपकायला लागल्यावर लगेच वायसर बदलला तर पाच-दहा रुपयांत भागतं, आणि वर्षभर आवळत बसलं तर बैठक खराब होऊन नळ जातो. हाच नळ दुरुस्तीला सगळ्यात सोपा, आणि याच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

वॉल बंद करून, चक्री अर्धी उघडी ठेवून स्पिंडल काढा. बंद ठेवलात तर वायसर बैठकीवर दाबलेला राहतो आणि सगळा जोर त्या काठावर येतो. बसवतानाही अर्धी उघडी. जुना वायसर सोबत नेऊन त्याच व्यासाचा घ्या. मोठा कापून लहान करू नका, कड वाकडी राहते. मग करंगळी आत घालून बैठकीच्या काठावरून गोल फिरवा. नख कुठेही अडकलं नाही तर नव्या वायसरवर तीन-चार वर्षं निघतील. अडकलं तर बैठक घासायचं हत्यार मिळतं: दांड्याच्या टोकाला चपटी कानस, ती स्पिंडलच्याच आट्यांत बसते. हलक्या हातानं चार-पाच फेरे, मग पुसून बघा. पितळ मऊ असतं, जोर केलात तर बैठकच उरायची नाही.

चक्री उघडल्यावर वरून पाझरत असेल तर ग्लँडची ढिबरी (नट) पाव फेरा आवळा. तरीही पाझरलं तर ढिबरी काढून टेफ्लॉनची पट्टी पिळून तिची दोरी करा, दांड्याभोवती दोन-तीन वेढे द्या आणि ढिबरी परत लावा.

टिल्लूपंप

बाथरूमच्या नळापुरतं माझं मत मागे. तिथे वायसरच. सिंकवर मात्र ठाम आहे.

वाफाळ

बाथरूमचा विषय निघालाच आहे तर एक तपासा. नळ गरम पाण्याचा आहे का, आणि गीझर चालू असतानाच जास्त टिपकतो का? १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिली जागा जास्त मागतं. थंड पाण्याच्या लाइनवर परतझडप (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी) असेल तर ते मागे टाकीकडे जाऊ शकत नाही. दाब वाढतो आणि जो नळ सगळ्यात कच्चा तो टिपकतो. अशा वेळी वायसर कितीही बदला, थोडं येणारच. ते पाणी गीझरच्या सुरक्षा झडपेतून निघायला हवं. त्या झडपेला नळी जोडा, पण ती टिपकते म्हणून बूच कोणीही मारू नका. नळ गळतो म्हणून गीझर फुटायची व्यवस्था करायची नाही.

रतलामी_शेव

आमच्याकडे बूच मारलेलं आहे! गीझर बंद करून प्लंबरला बोलावलं.

वाफाळ

चांगलं केलंत. बूच निघेपर्यंत चालू करू नका.

नर्मदातीर

अंगणातल्या नळाकडे कोणी वळलंच नाही, आणि तो सर्वांत निराळा. थेट लाइन बराच वेळ रिकामी असते. पाणी आलं की आधी हवा, मग पाइपातला गाळ आणि गंज, मग स्वच्छ पाणी. अशा लाइनवर पाव फेऱ्याचा सिरॅमिक नळ बसवणं म्हणजे चकत्यांमध्ये वाळू पेरणं. पाणी येऊन गेल्यावर तो उघडाच राहिला तर पाणी यायच्या पुढच्या पाळीला पहिला गाळ त्याच्यातूनच जातो. तिथे वायसरचा साधा पितळी नळ लावा किंवा अर्धा इंची बॉलवॉल. वायसरला वाळू टोचली तरी तो पाच-दहा रुपयांत बदलतो. अंगणातला आत्ताचा नळ सिरॅमिकचा असेल तर दुरुस्ती नको, प्रकारच बदला.

अवांतर: हे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून इंदुरात येतं. या नर्मदा पाणी योजनेचा पहिला टप्पा १९७८ चा. पंपांचं वीजबिल इतकं की महापालिकेनं जलूदच्या सौर प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (ग्रीन बाँड) काढले. त्यामुळे बोरिंगचा थेंब आणि नर्मदेचा थेंब एका मापानं मोजू नयेत असं आपलं मत.

आळशी_उंट

मग तुळशीला बोरिंगचं घालतो.

मोजमाप

तुळशीला कशाचंही घाला, बोरिंगच्या पाण्यालाही वीज लागतेच.

टिल्लूपंप

आता थोडं बदलीच्या बाजूनं. अंगणात नळ बदलायचाच आहे, तर नीट बदला. पुढचा हिशेब सगळ्या भिंतीतल्या नळांना लागू.

जुना काढल्यावर आतल्या आट्यांतलं टेफ्लॉन टोकदार काडीनं पूर्ण साफ करा. नवा नळ आधी टेफ्लॉनशिवाय हातानं फिरवून बघा: किती फेरे जातो, आणि तोंड कुठे थांबतं. टाइल जाड असेल तर नळाचे आटे एल्बोपर्यंत पोचत नाहीत. मध्ये पितळी निपल (आट्यांचा जोडतुकडा) लागतो, तो वेगवेगळ्या लांबीत मिळतो. आटे पुरत नाहीत म्हणून नुसतं टेफ्लॉन वाढवणं म्हणजे गळती पुढे ढकलणं. टेफ्लॉन आट्यांच्या तोंडाकडून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं, ताणून, १२ ते १५ वेढे. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर पट्टीचे तुकडे आत जाऊन जाळीत अडकतात. आवळताना तोंड खाली यायच्या जरा पुढे गेलं तर मागे फिरवू नका. काढा, वेढे बदला, पुन्हा लावा. मागे फिरवलेला जोड आज नाही तर पाण्याच्या पाळीच्या दिवशी, दाब आला की गळतो. आणि सीपीव्हीसीत सूत-सफेदा चुकूनही नको. सूत भिजून फुगतं आणि एल्बो चिरतो.

नवा घेताना हातात तोलून बघा. त्याच मापाचे दोन नळ, एक लक्षणीय हलका, तर तो बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा पातळ भिंतीचा. वरून क्रोम दोघांनाही सारखंच चमकतं. भिंतीत जाणाऱ्या आट्यांवर क्रोम नसतं, तिथे पिवळं पितळ दिसतं की करडं, ते बघा.

जुना_वाडा

टिल्लूभाऊ, हा प्रतिसाद कात्रण करून ठेवण्यासारखा. पहिल्याच वेळी एवढं लिहिलं असतं तर आपण भांडलोच नसतो.

टिल्लूपंप

मग धागा एवढा लांबला कसा असता?

शंकासुर

सिंकचा स्पिंडल लिंबूसतातून काढला. टिपकणं निम्म्यावर आलं, पण थांबलं नाही. टॉर्च मारली, नळाच्या पोटातली जागा साफ आहे. एका चकतीवर चर आहे, नखाला लागते. म्हणजे स्पिंडलच. सियागंज बाजारात हार्डवेअरवाल्यानं तीन प्रकारचे समोर टाकले, सगळे 'अर्धा इंचीच' म्हणतो. जुन्याच्या मूठ बसते त्या टोकावर २० दाते आहेत, जो घट्ट बसेल वाटतोय त्यावर २४.

पाना_पक्कड

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. अंगाचे आटे: नळाच्या पोटात हातानं फिरतात का. दांड्याची लांबी: कमी असेल तर मूठ खालच्या टोपीला घासते. फिरण्याची दिशा: गरम-थंड जोडीसाठी उलटसुलट स्पिंडल येतात, चुकीचा घेतला तर मूठ विरुद्ध बाजूला उघडते. आणि दाते. २० च्या मुठीत २४ चा दांडा ठोकून बसवला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण महिन्याभरात मुठीतले दाते झिजतात आणि मूठ नुसती गरगर फिरते.

तीन जुळून फक्त दातेच अडत असतील तर त्याला मुठीसकट संच विचारा. तसाही मिळाला नाही तर नळाच्या कंपनीचा मूळ स्पिंडल मागवा. मूळ असेल तर महाग पडला तरी घ्या, भिंत तर शाबूत राहील. आणि पाण्याच्या पाळीच्या दिवशी हे काम काढू नका. टाकी भरत असताना बोळा बसत नाही.

शंकासुर

मुठीसकट संच मिळाला, २४ दात्यांचा. मूठ जरा टोकदार आहे, जुन्या टोपीवर शोभत नाही.

गृहकृत्यदक्ष

चालेल. बसवल्यावर कप पुन्हा तासभर लावा आणि आकडा इथे टाका.